सोमवार बैलाचा

शुक्रवारी दुपारी साडेतीनला मिनीबस व्हनमाने वस्तीच्या फाट्यावर थांबली, तेव्हा विजयमाला साळवे यांचा उजवा गुडघा उठायला तयार नव्हता. पुढच्या सीटचा दांडा धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या, दोन मिनिटं तशाच थांबल्या आणि सगळ्यांच्या शेवटी खाली उतरल्या. या वस्तीवरचं हे त्यांचं नववं शिबिर. दहावं करायचं नाही, हे त्यांनी सोलापुरातून बस सुटण्याआधीच ठरवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

सोलापुरातल्या त्यांच्या चर्चची मंडळी दर मे महिन्यात चार दिवस इथे येते. विजयमालाबाई मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्या त्या वर्षी कुणीतरी शिबिराचं नाव काढलं आणि ते काम त्यांच्या गळ्यात पडलं, ते आजतागायत. आठ वर्षांत मंडळीनं वस्तीला पुष्कळ दिलं. शाळेला दोनदा रंग झाला, डोळे तपासून झाले, चादरी वाटल्या, सौर दिवे लावले. त्यातले तीन दिवे अजून लागतात. एका वर्षी कुणाच्या तरी हौसेनं शाळेपुढे झोपाळा आला. त्याच्या साखळ्यांना आता शेळ्या बांधतात.

या आठ वर्षांत वस्तीनं तोंड उघडून काही मागितलं ते एकदाच, गेल्या वर्षी, बस निघता निघता. मागणारी चिमाबाई. पासष्टीची, काटक, कमी बोलणारी बाई. बसच्या दारात येऊन ती म्हणाली होती, "शिस्टर, पुढल्या साली काय आनू नगा. हिरीतला गाळ तेवढा काढून द्या." विजयमालाबाईंनी हो म्हटलं होतं.

विहीर वस्तीची, सामाईक. बावन्न पायऱ्यांची, दगडी. वरच्या ओढ्याचा बांध फुटला त्या पावसात ती गाळानं भरली आणि झरे बुजले. वस्तीला टँकर येतो, पण तो माणसं मोजून येतो. मेंढरं मोजत नाही. आणि वस्तीचं सगळं जगणं मेंढरांवर. चार घरांचे चार कळप. दिवाळी झाली की घरातली धडधाकट माणसं कळप घेऊन भीमेच्या, कृष्णेच्या काठानं खाली उतरतात, लोकांच्या रिकाम्या रानांत मेंढरं बसवतात आणि मृगाच्या सुमाराला परत फिरतात. पावसाळ्याचे तीन-चार महिने घरी, असा त्यांचा वर्षाचा फेरा. गेली दोन वर्षं तो फेरा पुरा झाला नव्हता. कळप फाट्यापर्यंत आले, एक मुक्काम केला आणि पाण्याच्या मागे निघून गेले. चिमाबाईचा मुलगा महिपती परतीच्या वाटेवरून फोन करून एकच गोष्ट विचारायचा, पाणी आहे का? दोन्ही वर्षं चिमाबाईनं नाही म्हणून सांगितलं होतं. नातीला तिनं शेवटचं नीट बघितलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता चारची झाली असेल. यंदाचा फोन तीन आठवड्यांवर आला होता.

शिबिराचं वेळापत्रक दिपालीनं केलं होतं. ती कॉलेजात शिकवते आणि मंडळीच्या तरुण संघाची सेक्रेटरी आहे. शुक्रवारी पोहोचायचं. शनिवारी दिवसभर गाळ. रविवारी उपासना आणि विश्रांती. सोमवारी पुन्हा दिवसभर गाळ. मंगळवारी सकाळी परत. गाळ वर ओढायला यारी, म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं ओढयंत्र, ठरवलेलं. यारीनं दोन दिवसांचं काम. विजयमालाबाईंनी कागद वाचला, बरोबर आहे म्हणाल्या, आणि तो मंडळीच्या ग्रुपवर गेला.

शुक्रवारी संध्याकाळी यारीवाल्याचा फोन आला. यंत्र श्रीपूरकडे एका बागाईतदाराच्या विहिरीवर अडकलं होतं, गुरुवारच्या आत सुटणार नव्हतं. दिपालीनं आणखी चार ठिकाणी फोन लावले. मे महिन्यात सगळ्या याऱ्या कुठल्या ना कुठल्या विहिरीवर असतात.

धुळाप्पा हे सगळं शाळेच्या पायरीवर बसून ऐकत होता. वस्तीत उरलेल्या सात-आठ माणसांत हाच कर्ता, वय सत्तरच्या पुढे. तो म्हणाला, यंत्र न्हाय तर न्हाय, माजी बैलं हायती. विहिरीला जुन्या मोटेची धाव अजून शाबूत होती. दोर ओढत बैलांनी उतरायची ती उताराची वाट, गवत वाढलेली, पण दगड जागचे हललेले नव्हते. चाकाला तेल दिलं तर फिरेल. मात्र बैलांनी तीन दिवस लागतील, हे त्यानं तेव्हाच सांगितलं. विजयमालाबाईंनी मनात मांडणी केली. शनिवार, सोमवार आणि मंगळवारी बस उशिरा काढली तर दुपारपर्यंत. होईल.

शनिवारी झालंही. मंडळीतली चौदा तरुण मुलं-मुली खाली उतरली, घमेल्यांनी गाळ लोखंडी टपात भरत राहिली. वर धुळाप्पा बैलांना धावेवरून खाली हाकायचा, टप वर यायचा, दोघं म्हातारे तो ओतायचे. गाळ धुळाप्पाच्या आणि शेजारच्या रानात पसरला जात होता. तोही वाया जाणारा नव्हता. उन्हामुळे बारा ते तीन थांबले. संध्याकाळपर्यंत तिसरा हिस्सा गाळ निघाला. मुलं चिखलानं काळी झाली होती आणि खुशीत होती. विजयमालाबाई दिवसभर काठावर फक्त बसून होत्या, तरी त्यांची कंबर धरली होती.

बैल सोडताना धुळाप्पानं विचारलं, उद्या तांबडं फुटायला धरायचं का, ऊन व्हायच्या आत बरंच उरकंल. विजयमालाबाई म्हणाल्या, उद्या रविवार, आम्ही रविवारी काम करत नाही. सोमवारी सहाला धरू.

धुळाप्पानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

"सोमवार बैलाचा हाय की, शिस्टर."

त्यानं ते अगदी साधेपणानं सांगितलं, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. आणि विजयमालाबाईंना एकदम आठवलं. आठवलं म्हणजे, ते त्यांना कायमच ठाऊक होतं. या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शेंबडं पोरही सांगेल. मंगळवेढ्याकडचे त्यांच्या आईचे वडील ख्रिस्ती झाल्यावरसुद्धा सोमवारी औत धरत नसत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बरं दिसत नाही म्हणायचे. रविवारही पाळायचे. त्यांचे बैल सरकारी नोकरीत आहेत, आठवड्याला दोन सुट्ट्या घेतात, अशी गावात थट्टा चालायची. लहानपणी ही थट्टा विजयमालाबाईंनी शंभरदा ऐकली होती. आणि तरी वेळापत्रकावर सोमवारपुढे "दिवसभर" असं लिहिलेलं वाचून त्यांनी बरोबर आहे म्हटलं होतं. यारी येणार होती, हे कारण झालं. पण काल संध्याकाळी यारी येत नाही म्हटल्यावर, बैलांवर काम आल्यावरही त्यांना ते सुचलं नव्हतं.

चिमाबाई बाजूला घमेली घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"रविवार तुमचा. सोमवार बैलाचा. बाईचा कुटला वार म्हनायचा?"

धुळाप्पा हसला. ती हसली नाही. घमेली एकात एक रचून ती घराकडे गेली.

जेवणाआधी शाळेच्या व्हरांड्यात मंडळी बसली. ट्रॅक्टर आणावा, त्याला कुठला आला वार, असं दिपालीचं म्हणणं होतं. पण ट्रॅक्टरच्या हिसक्यानं चाकाचे खांब उखडले तर विहीरच जाईल, हे धुळाप्पानं आधीच सांगून ठेवलं होतं. बँकेत नोकरी करणारा युवराज म्हणाला, मग उद्या बैलांना उपासनेला बसवू आणि परवा आपण जू घेऊ. सगळे हसले. चर्चचे पाळक रणनवरेही हसले, पण लगेच गंभीर झाले. ते या मंडळीत येऊन दीड वर्षच झालं होतं. माणूस चांगला, पण प्रत्येक पाऊल जपून टाकणारा. सोलापुरात वडीलधारे काय म्हणतील, असं ते म्हणाले. ग्रुपवर फोटो जातात, फोटोवर तारीख असते. आणि शिबिर मंडळीच्या नावानं आहे, आपल्या एकेकाच्या नावानं नाही. यातलं काही खोटं नव्हतं.

विजयमालाबाईंना वाद घालायचा नव्हता. त्यांना आडवं व्हायचं होतं. पण त्या म्हणाल्या, "साहेब, चौतीस वर्षं मी एकाआड एक रविवारी ड्युटी केली. मला कुणी काही विचारलं नाही. उलट माझ्यासाठी उपासनेत प्रार्थना व्हायची."

"ती माणसं आजारी होती, बाई."

"आणि ही?"

 पाळक म्हणाले, मी कुणाला जा म्हणणार नाही, कुणाला अडवणारही नाही, उपासना आठला. विजयमालाबाईंना त्या उत्तराचा राग आला नाही. दवाखान्यात नातेवाइकांना अशी उत्तरं त्यांनी स्वतः दिली होती.

धुळाप्पाला रात्रीच निरोप देऊन रविवारी सहाला त्या विहिरीवर गेल्या. मंडळीतलं दुसरं कुणी आलं नव्हतं. धुळाप्पा बैलांपाशी, दोघं म्हातारे वर टप ओतायला. खाली चिमाबाई आणि तिची चुलत जाऊ चंद्रव्वा. विजयमालाबाई पायऱ्यांवर बसून, एकेक पायरी खाली सरकत उतरल्या. बावन्न पायऱ्यांना त्यांना वीस मिनिटं लागली. शिस्टर आल्यात का पालखी आलीया, असं चंद्रव्वा कानडी हेल काढत म्हणाली. 

खाली उभं राहून वाकणं त्यांना जमेना. मग त्या गाळातच बसल्या आणि बसून घमेली भरू लागल्या. चिमाबाई ती उचलून टपात ओतायची. गाळाला कुबट वास होता. दर टपाला वरून धुळाप्पाची हाक यायची, चाक कुरकुरत फिरायचं आणि टप हेलकावे खात उजेडात जायचा. तो परत येईपर्यंतची तीन मिनिटं ही विश्रांती.  आठ वर्षांत चिमाबाईच्या इतक्या जवळ एवढा वेळ आपण कधी बसलोच नाही, हे विजयमालाबाईंच्या ध्यानात आलं. तिचा रक्तदाब दरवर्षी मोजला होता तेवढाच.

आठ वाजता शाळेकडून गीताचा आवाज आला. पहिलं कडवं ऐकू आलं, दुसरं चाकाच्या कुरकुरण्यात बुडालं. विजयमालाबाईंना शब्द पाठ होते, पण म्हणावेत इतका श्वास नव्हता. प्रार्थनेला शांतता झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. हात चालू ठेवले.

पावणेदहाला उपासना संपली आणि पाचजण खाली आले. दिपाली, युवराज आणि आणखी तिघं. बाकीचे नऊ आले नाहीत. त्यांच्यातल्या दोघी-तिघींचा चेहरा विजयमालाबाईंना नंतर दिवसभर अवघडलेला दिसला. साडेअकराला पाळक पिण्याच्या पाण्याचा जार खांद्यावर घेऊन काठावर आले. जार ठेवला, वाकून खाली बघितलं, कुणी फोटो काढू नका एवढं सांगितलं आणि गेले.

त्या दिवशी शनिवारच्या निम्मा गाळ निघाला. वर चढायला विजयमालाबाईंना युवराजनं आणि दिपालीनं काखेत धरलं.

सोमवारी सकाळी बैल झोपाळ्याजवळच्या सावलीत रवंथ करत बसले होते. धुळाप्पानं त्यांच्या शिंगांना हळद लावली होती. धावेवर दोराला चौदाच्या चौदा मुलं लागली, आणि सगळ्यात पुढे, बाह्या वर सारून, पाळक रणनवरे. सोमवारी त्यांना कसलीच अडचण नव्हती. गाळ भरायला आज खाली वस्तीतल्या म्हाताऱ्या आणि म्हातारे होते. विजयमालाबाईंना चिमाबाईनं पायरीवर पाऊल ठेवू दिलं नाही.

धुळाप्पाला हाकायला बैल नव्हते, म्हणून तो मुलांच्या पुढे उलटा चालत त्यांनाच हाकू लागला. बैलांना घालायचा त्याच हाका, तेच चुचकारणं. थोडा वेळ हसण्यात गेला. दहा वाजेपर्यंत हसणं थांबलं. बैल धावेवरून सरळ, एका चालीनं उतरतात. ही मुलं एकमेकांच्या टाचांवर पाय देत, मध्येच थांबत, दोर सैल सोडत उतरायची. टप अर्धाच भरावा लागत होता.

"बैलापेक्षा शानी हायसा," धुळाप्पा म्हणाला, "पन बैलाएवढं ऐकत न्हाय."

दुपारनंतर तळव्यांना फोड आले. विजयमालाबाईंनी प्रथमोपचाराची पेटी उघडली आणि एकेकाला पट्टी बांधत बसल्या. पाळकांचे दोन्ही हात सोललेले होते. पट्टी बांधून घेताना त्यांना काहीतरी बोलायचं आहे, असं विजयमालाबाईंना वाटलं.  पट्टी बांधून झाल्यावर ते पुन्हा दोराशी गेले.

सव्वाचारला खालून चिमाबाईची हाक आली. हाक म्हणजे फक्त "आलं" एवढाच शब्द. पश्चिमेच्या कोपऱ्यात दगडाच्या सांदीतून गढूळ पाणी झिरपत होतं. बोटाएवढी धार. मुलं काठावर गोळा झाली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. धुळाप्पा म्हणाला, अजून दोन-अडीच तास उजेड हाय, दोर सोडू नगा. उजेड असेपर्यंत ते ओढत राहिले.

मंगळवारी सकाळी सहाला विहिरीत घोटाभर पाणी होतं. चिमाबाईनं घागर सोडली, तिरकी करून भरली, वर ओढली आणि पाणी ओंजळीत घेऊन बघितलं. अजून गढूळ होतं, दोन दिवसांत निवळणार होतं. धुळाप्पानं खाली जाऊन काठी रोवली. पूर्वेच्या अंगाला दीड हात गाळ शिल्लक होता. त्याच्याखाली दुसरा झरा. त्याच्या वडिलांच्या काळात दोन्ही वाहायचे. बैलांनी अजून एक दिवस, एवढंच काम उरलं होतं. दिपालीनं ड्रायव्हरला विचारून बघितलं. मिनीबस दुपारी सोलापुरात दुसऱ्या भाड्याला लागणार होती, आणि निम्म्या मुलांना बुधवारी कामावर जायचं होतं. शिवाय बँडेज केलेल्या हातांनी घमेली भरणार तरी कोण. आणि पाणी चढल्यावर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तो गाळ एकट्यानं काढणं जमणारं नव्हतं.

"ह्या पान्यावर किती मेंढरं निघतील?" विजयमालाबाईंनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांची बोली थोडी तशी झाली होती.

"दोन कळप," धुळाप्पा म्हणाला. "लई झालं."

चिमाबाईनं यंदा फोनची वाट बघितली नाही. कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून तिनंच महिपतीला लावला. पलीकडून काय विचारलं जातंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"हाय," ती म्हणाली. "थोडं हाय. तू ये. आन धुळाप्पाच्या सोमलिंगाला संगं घे." मग तिनं विहिरीकडे पाठ केली. "बाकीच्या दोगांला मी सांगत न्हाय. तूबी सांगू नगंस. इचारलं तर बघू." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "पोरगीला दे जरा."

धुळाप्पा काठी धुऊ लागला. विजयमालाबाई तिथून हलल्या. बाकीचे दोन कळप कुणाचे ते त्यांना माहीत होतं. एक चंद्रव्वाच्या मुलाचा होता. चंद्रव्वा या वेळी शाळेपुढे मुलांच्या पिशव्या बसमध्ये चढवायला मदत करत होती.

एक दिवस. चार कळपांतले दोन राहिले, ते एका दिवसामुळे. ही चूक दिपालीची नव्हती. ती शहरात वाढलेली मुलगी. पाळकांचीही नव्हती. सोमवारी बैल जुंपत नाहीत हे या सगळ्या बसमध्ये एकाच माणसाला लहानपणापासून माहीत होतं.

साडेनऊला बस निघायला झाली. विजयमालाबाई शेवटी चढल्या. पहिल्याच सीटवर बसल्या, कारण पुढे जाववत नव्हतं. हाताची बोटं अजून पुरती मिटत नव्हती. चिमाबाई गेल्या वर्षीसारखीच दारात येऊन उभी राहिली. पोरगी फोनवर काय बोलली, असं विजयमालाबाईंनी विचारलं. आजी तुजा आवाज म्हाताऱ्यासारका येतोय म्हनली, चिमाबाईनं सांगितलं. आणि मग मुद्द्याचं बोलली.

"शिस्टर, पुढल्या साली मंगळवारी या. मंगळवार ते शनवार. तुमचाबी वार ऱ्हातोय, बैलाचाबी. पाच दिस सलग मिळत्यात."

विजयमालाबाईंनी बोटांवर मोजलं. पाच. नऊ वर्षं शुक्रवारी येऊन मंगळवारी परत जायचं, कारण सुरुवातीला कुणालातरी शुक्रवार सोयीचा होता. आपण पुढच्या वर्षी येणार नाही, हे सांगायची हीच वेळ होती. त्या म्हणाल्या, "बघू."

"बघू नगा," चिमाबाई म्हणाली. "लिव्हून घ्या."

विजयमालाबाईंनी पर्समधून डायरी काढली. पेन दोनदा बोटांतून निसटलं. तेव्हा मागच्या सीटवरून दिपालीनं हात पुढे केला, डायरी घेतली आणि पुढच्या मे महिन्याच्या पानावर लिहिलं. चिमाबाईला वाचता येत नव्हतं. लिहून होईपर्यंत ती दारातून हलली नाही.